पिवळ्या दोऱ्याची किल्ली

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार एका हाताने घालतोय, दुसरा कपाळाला लावलेला आहे. माझी छत्री गेली. लाकडी मुठीची, एक काडी वाकलेली, पण माझी. ऑफिसच्या स्टँडमध्ये ठेवली होती, हे नक्की. आता तिथे फक्त साहेबांची आहे, आणि साहेबांचा चेहरा मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटतो. वीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतोय. जळालेले फ्रिज इतके पाहिलेत की आता धुरावरसुद्धा विश्वास बसत नाही.

आता मूळ मुद्दा. परवा रविवारी तुझ्याकडे आलो तेव्हा तुझ्या त्या नव्या कारागिरासमोर बोलता येईना. घरफोडीत सहा वर्षं आत काढून आलेला माणूस तू किल्ल्यांच्या दुकानात कामाला ठेवलास! आणि त्याच्या डोक्यावर अप्पांची ती फळी: अख्ख्या गल्लीच्या जादा किल्ल्या, नावं नाहीत, नुसते रंगीत दोरे, कुणाची कोणती हे फक्त तुझ्या डोक्यात. अप्पांचं ठीक होतं, त्यांना सगळं जग अप्पांसारखंच वाटायचं. तू किल्ल्या कधी मोजतेस तरी का? महिन्याच्या आत त्याला काढ.

लोभ आहेच, तो कुलपात ठेव.

तुझा धाकटा

११ मार्च

चि. शंकासुरास,

आशीर्वाद, आणि साहेबांची माफी माग. छत्री माझ्या दुकानाच्या दाराआड आहे, तूच विसरलेली. वाकलेली काडी कारागिराने सरळ केली. पैसे विचारले तर म्हणाला, बाईंच्या भावाकडून कसले घ्यायचे.

आता खूश हो. फळीवरची पिवळ्या दोऱ्याची किल्ली नाहीशी झाली. औषधवाल्या वहिनींच्या घराची. कळलं त्याच संध्याकाळी मी त्यांचं कुलूप बदलून दिलं. चोरी कुठेच झालेली नाही, पण गल्ली दुकानासमोर उभी राहिली: त्याला काढा, नाहीतर आमच्या किल्ल्या द्या. त्याने ॲप्रन काढला, नीट घडी करून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, बाई, मी जातो, तुमच्या वडलांची फळी राहू दे. मी ती घडी मोडून ॲप्रन पुन्हा त्याच्या गळ्यात घातला. गल्लीला म्हटलं, ज्याला किल्लीशिवाय कुलूप उघडता येतं, तो मेला किल्ली कशाला चोरेल? जरा डोकी चालवा!

सात जणांनी किल्ल्या नेल्या. बाकीच्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. फळी रिकामी झाली तर रिकाम्या फळीखाली बसेन, पण त्याला काढणार नाही. अप्पा भोळे होते असं तुला वाटतं. अप्पा हट्टी होते, आणि ते माझ्यात उतरलंय.

माया आहे, तक्रार करू नकोस.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी दोन्ही हातांनी.

ती किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. तू चहा आणायला आत गेलीस, तो गिऱ्हाइकाशी बोलत होता, तेवढ्यात मी काढली. तुला धडा शिकवायचा होता. तुझं घाबरंघुबरं पत्र येईल, मग मी ऐटीत उत्तर लिहीन, असा बेत होता. गल्ली त्याच्या अंगावर जाईल हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं लिहिणार होतो. खोटं आहे. मी तो विचारच केला नाही, कारण तो माणूस माझ्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

अप्पांच्या फळीवरून आजवर एकच किल्ली चोरीला गेली, आणि ती विमा कंपनीच्या तपासनिसाने नेली. हा दावा मी स्वतः तपासलाय. खरा आहे.

किल्ली पोस्टाने पाठवत नाही. गल्ली म्हणेल, बहिणीने भावाला पढवलं. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. औषधवाल्या वहिनींना आणि त्या सात शहाण्यांना दुकानासमोर बोलाव. सांगायचं ते मी उभा राहून सांगेन, आणि त्याची माफी त्यांच्यादेखत मागेन. कुणी हसलं तर हसू दे. आणि उगाच हरखून जाऊ नकोस: मानवजातीबद्दलचं माझं मत होतं तेच आहे, फक्त यादीत सगळ्यात वर आता मी आहे.

या खेपेला लोभ मागत नाही. दार उघडलंस तरी पुरे.

तुझा धाकटा

ता. क. छत्रीच्या काडीचं राहिलंय. पैसे तो घेणार नाही. म्हणून आमच्या घराची एक जादा किल्ली करून घेतलीय. तीन तासांवरच्या घराची किल्ली तिथे काय कामाची, असं विचारशील. विचारू नकोस. ती फळीवर तू लावू नकोस, त्याला लावू दे. दोऱ्याचा रंगही त्यालाच ठरवू दे.