पडद्यावरची भट्टी

धुळे, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४. संध्याकाळ.

पारोळ्याचे पाहुणे सुमनला बघून गेले. नकारच धरायचा. अणुभट्टीचा विषारी कचरा काचेत वितळवून कोंडतात म्हणे; विजेच्या भट्टीत ती काच कशी तापेल, हे माझी नात कॉम्प्युटरवर मांडून बघते. एवढंच. पण मुलाच्या आईने चहाला हात लावला नाही.

"इना आंगमा ते इख शिरनं नई ना?" पोरीच्या अंगात विष भिनलं असेल, ही तिला धास्ती.

"मावशी, भट्टी मी पाहिलीसुद्धा नाही," सुमन म्हणाली.

"पडद्यावरच्या विस्तवाने हात भाजतो का, बाई?" मी सुनावलं. तरी कप तसाच.

जीव शिणला. सुमनने विचारलं, "आजी, तुला तरी पटतं ना?" हो म्हटलं. तेवढ्यात थोरल्या नातवाचं तान्हं रडलं. ती घ्यायला वाकली, तर मीच आधी उचललं. का? तिने पाहिलं.