चढला का?

७ जाने. २००७, रवि.
चुलतभावाची हळद. सगळे पिऊन नाचत होते, मी एकटा थंड्याची बाटली धरून खुर्चीत. नवरदेवानं माईकच घेतला. "आमचा सुपरवायझर बघा, चौतीस वर्षांचा झाला, अजून बाटलीनं दूध पितो!" सगळा मांडव हसला. सुनंदा पण हसली. बायकोनं तरी हसू नये ना! घरी येऊन भांडलो. ती म्हणे, "मना हसायला आलं तं हसले. बायकोला काय हसायची बंदी हाय?"

९ जाने., मंगळ.
काल्हेरला गोडाऊनवर गाड्या कमी. शिवपूजनशी गप्पा. नव्या वहीत नाव पहिल्यांदाच येतंय: आमच्या हमालांचा मुकादम, बिहारचा, पन्नाशीचा, मोजणीत कधी एक खोका चुकला नाही. (पुढं नुसतं शि.) तो गांजा ओढतो हे सगळ्यांना माहीत. विचारलं, कैसा लगता है?
"लगता क्या बाबू, देह का दरद चला जाता है. खाली सोमवार को, छुट्टी के बाद, भोलेनाथ का नाम लेके. ड्युटी पे कभी नहीं."
मला दे म्हटलं. त्यानं कान पकडले.

११ जाने., गुरु.
केलं. शी.
नाशिकची गाडी लागली होती. अर्धी खोकी चढली आणि हमाल पाणी प्यायला बसले. मी शि.ला शेडच्या मागं नेला. नको नको म्हणत होता. तेव्हा मी जे बोललो ते इथंच लिहितो, दुसरीकडं कुठं बोलायची छाती नाही. "जगह किसकी है, मालूम है ना?"
जागा बाबांची. भाताचं शेत होतं तिथं शेड आली, म्हणून तर मी सुपरवायझर. नाहीतर मला कोण विचारतोय.
शि.नं चिलीम भरली. मी पहिला दम घेतला आणि खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. दुसरा. तिसरा. काहीच नाही. म्हटलं, लोक उगाच बोंबलतात. मग माझी नखं दिसायला लागली. नखं केवढी! किती वेळ बघत बसलो कोण जाणे.
तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन, ठाण्याच्या ऑफिसातून. "काय, चढला का?"
रोज हेच विचारतात. माल गाडीत चढला का. आज मला वाटलं, आयला, ह्यांना ठाण्यात बसून कसं कळलं! हसू फुटलं. म्हटलं, "चढला साहेब, मस्त चढला!"
"मग सोड गाडी."
सोडली. गेटपासवर सहीपण केली, झोकदार. शि. मागून ओरडतोय, "बाबू, आधा बाकी है!" मी त्यालाच सांगतो, "साहब को सब मालूम है." ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता, त्याला काय. दोर आवळून गेला.
घरी डोकं धुतलं दोनदा. वास जातच नाही. का मलाच येतोय?

१२ जाने., शुक्र.
नाशिकहून बोंब. साहेब स्वतः आले. उरलेला माल प्लॅटफॉर्मवर तसाच. ड्रायव्हरनं फोनवर सांगितलेलं, उठला तेव्हा शेडच्या मागून गांजाचा वास येत होता. साहेब मागं गेले, चिलमीचं फडकं सापडलं. हुंगून बघितलं.
"कोण?"
आता बोलावं, आता बोलावं... मी आपला जमिनीकडं बघत. शि. पुढं झाला. "हम पिए थे साहब. गिनती हम ही गलत बताए बाबू को."
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी तिथल्या तिथं काढला त्याला. त्यानं गमछा झटकून खांद्यावर टाकला आणि चालायला लागला. साहेब मला म्हणाले, "तुमच्यासारखा निर्व्यसनी माणूस मिळाला की हे लोक फायदा घेतात."
निर्व्यसनी! मी! भडव्या, अजून गप्पच.
वर नोटीस मलाच लिहायला लावली, अक्षर चांगलं म्हणून. 'गोडाऊनच्या आवारात नशा करणाऱ्यास तात्काळ कामावरून कमी करण्यात येईल.' वर हिंदीत, खाली मराठीत, त्याखाली माझी सही. दोन कागद फाडले, तिसऱ्यावर जमलं. चिकटवलीपण मीच.

१३ जाने., शनि.
हमाल माझ्याशी बोलत नाहीत. कामापुरतं 'हां जी'.
जेवण जाईना. सुनंदा खनपटीलाच बसली, तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं गांजाचं ऐकून थयथयाट करेल. ती एवढंच बोलली, "म्हंजे तो गेला आन तुमी ऱ्हायले?"
म्हटलं, बाबांना सांगू का?
"त्यांना कनाला सांगता? ते म्हनतील बरा वाचलास."
खरं आहे. तसंच म्हणतील. लाज वाटली बाबांची, मग स्वतःची त्याहून जास्त.

१५ जाने., सोम.
रजा टाकली. भिवंडीत शि.च्या खोलीवर गेलो. शेजारी पॉवरलूमचा खडखडाट, ओरडून बोलावं लागतं. माफी कशी ओरडून मागायची! त्यानं उठून मला खाटेवर बसवलं. मीच विचारलं, तू का अंगावर घेतलंस?
"आप बोलते तो भी हम ही जाते बाबू. तो हम ही बोल दिए."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राग नाहीच त्याच्या तोंडावर. म्हणे, "आपका पहला बार था, चढ़ेगा ही. हमको देना नहीं था."
मग हळूच कामाचं काढलं. वळ गावात एका गोडाऊनात मुकादम पाहिजे. "आप एक बार बोल देंगे तो रख लेंगे."
हो म्हटलं. एवढं तरी.

१७ जाने., बुध.
वळला गेलो, शि.ला घेऊन. तो गेटवर थांबला. तिथले मॅनेजर बाबांना ओळखतात, चहा मागवला. मी शि.चं कौतुक सुरू केलं, मोजणी पक्की, माणूस सरळ.
"नशापाणी?"
"ड्युटीवर कधीच नाही."
"मग काढला कशाला?"
 म्हटलं, मालाची जरा भानगड झाली.
"चोरी?"
"नाही हो!" एवढ्यानं ओरडलो की चहावाला बघायला लागला.
"मग? तुमच्या साहेबांना फोन करून विचारू?"
म्हटलं थांबा, फोन नका लावू, उद्या मीच येऊन नीट सांगतो. हात जोडले चक्क. ते म्हणाले, उद्या अकरापर्यंत, नाहीतर दुसरा माणूस बघितलेला आहे.
बाहेर शि. उभाच. "क्या बोले बाबू?"
"कल."
"कल पक्का?"
तिथं मान हलवली.

१८ जाने., गुरु.
सकाळी सात. वळच्यांनी ऐकलं की आमच्या साहेबांच्या कानावर जाणारच, गोडाऊनवाले सगळे एकमेकांना धरून. मग बाबा, मग गाव, मग तो माईकवाला. सुनंदाला विचारलं, काय बोलू? ती डबा भरत होती. म्हणे, "मी व्हते का थितं?"
तासभर वही घेऊन बसलोय. वाक्य 'मी'नं सुरू करायचं, एवढं ठरलंय. पुढं