गादी आणि डावी चप्पल

बाबा,

मी गादी शोधतोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "घरात गाद्या कमी आहेत काय?" कमी नाहीत. पण सकाळी मी उठलो की डावा पाय माझ्यानंतर उठतो. आधी नुसता अंगठा बधिर असायचा, आता घोट्यापर्यंतचं पाऊल दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. साकोलीच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी ठोकून पाहिली, टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, नागपूरला जाऊन मणक्याचा फोटो काढून घ्या, आणि ती जुनी कापसाची गादी बदला. दोन सल्ल्यांतला दुसरा मी फार तत्परतेनं उचलला.

तुमचाही डावाच होता. हे मी कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही कुणाला सांगणार आहात!

तेव्हापासून गाद्यांवर माझा असा अभ्यास चाललाय की तुमच्या वर्गात असता तर पहिला नंबर आला असता. फोम दाट आहे की नुसता फुगवलेला, वरचा थर मऊ आणि खालचा टणक आहे का, खोळ चेन उघडून धुता येते का, आपल्याकडच्या मे महिन्यात ती तव्यासारखी तापेल का. अगदी स्वस्त गादी वर्षभरात खड्डा धरते, फार महाग गादी जाहिरातीतल्या बाईचा पगार आपल्याकडून वसूल करते, म्हणून मधली घ्यावी, एवढं ज्ञान मिळवलंय. लोकांचे अभिप्राय वाचतो. एकानं लिहिलंय, पाठ वाचली. दुसऱ्यानं लिहिलंय, खोका छान होता. मी पहिल्यावर विश्वास ठेवतो, कारण गादी दोषी ठरली की पाय निर्दोष सुटतो. लोकांच्या पळवाटांवर टवाळीचे लेख लिहून मी आजवर पोट भरलं, आणि आता स्वतःची पळवाट धुता येणाऱ्या खोळीसकट विकत घेतोय.

मायला समजावलं की हिला मेमरी फोम म्हणतात, ही आपल्या अंगाचा आकार लक्षात ठेवते. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोबाइलात असते तेच मेमरी काय?"

"तसंच समज."

"मंग भरली म्हंजे?"

बायको हसली, मीही हसलो. मग दाढी करताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हात थांबला.

तुमची चप्पल मला सारखी दिसते. डावी. तळ्याच्या बांधावरून, पाळीवरून, तुम्ही शाळेत येताय, धुतलेला पायजमा, काखेत छत्री, आणि एक पाय अनवाणी. मागे पाळीवर कुठंतरी चप्पल पडलेली, आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही. कुणी हाक मारून सांगितलं की तुम्ही थाटात म्हणायचे, "येते मांगून. तिले घर ठाऊक आहे." गाव हसायचं. एकदा तुम्ही फळ्यावर भागाकार मांडत होता आणि डाव्या पायातली चप्पल दाराशीच राहिली होती. मी पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणालो, "गुरुजी, पाय!" तुम्ही खडू माझ्या कपाळावर मारला. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचे, राग आला की घरची यायची. "पायाकडे काय पाहून राहिला बे? फळ्याकडे पाय!" आपल्या बोलीत 'पाहा'चंही 'पाय'च होतं, त्यामुळे सगळा वर्ग बाकाखालून पाय फळ्याकडे ताणून बसला. तुम्हालाही हसू आवरलं नाही. मी मात्र त्या हसण्याआधीचा तुमचा चेहरा पाहिला होता. मला वाटलं, राग आहे. आता आरशात तोच चेहरा दिसतो, आणि तो रागाचा नाही हे कळतं.

एवढं लिहून पत्र ठेवून दिलं होतं. गेल्या आठवड्यात साकोलीला गेलो. हायवेच्या कडेला गाद्यांचं नवीन दुकान झालंय. दुकानदार गोलमटोल, बोलण्यात लोणी. "सर, हात दाबून पाहा." मी पंजा दाबला, उचलला. पंजा गादीत तसाच राहिला, पाच बोटांसकट, आणि मग हळूहळू मिटला. "आता झोपून पाहा सर, लाजू नका, आपलंच दुकान समजा." मी चपला काढून आडवा झालो. गादीनं मला खांद्यापासून टाचेपर्यंत जिथल्या तिथं धरलं. दुकानदार म्हणत होता, "पाहा, कशी अंगाले ओळखून राहिली!" माझ्या डाव्या टाचेला मात्र काहीच कळत नव्हतं, गादी आहे की हवा आहे.

आणि तुमची कापसाची गादी आठवली. पार खाटेच्या सुंभाला टेकलेली, मधोमध तुमच्या अंगाएवढा खड्डा. शेवटी शेवटी तुमचं कमरेखालचं सगळंच गेलं होतं. एका सकाळी तुमचा श्वास अडकला, तेव्हा काका घाईनं म्हणाले, "खाली घ्या, खाली घ्या," कारण माणूस खाटेवर जाऊ नये, भुईवर जावा. चौघांनी तुम्हाला उचललं, भाताच्या तणसावर चादर टाकून निजवलं, मायनं तोंडात पाणी सोडलं. तुम्हाला ठसका लागला, डोळे उघडले. "काहून खाली घेतलं बे? मी आहो अजून." रडणारे हसायला लागले. पण पुन्हा खाटेवर ठेवायला गेलो तर तुम्ही हात झटकला. "राहू द्या. पुन्हा कायले उचलता." त्यानंतर तुम्ही खाटेवर गेला नाहीत, तिथून थेट नदीवरच. तो खड्डा गादीत तसाच होता. मायनं ती उन्हात टाकली, काठीनं झोडपली, तरी भरला नाही. बिनामेमरीची गादी, बाबा, आणि काय तिची याददाश्त!

मी धडपडत उठलो. दुकानदाराला म्हटलं, हीच पाठवून द्या. बस स्टँडच्या अर्ध्या वाटेवर गेलो असेन, मागून धापा टाकत तोच आला, हातात माझी चप्पल. "सर! ओ सर! चप्पल!" मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी, डांबरावर. उन्हानं डांबर पाघळलं होतं, आणि मला काही लागलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडातून निघालं, "येते मांगून. तिले घर ठाऊक आहे." तो खो खो हसला. वाक्य तुमचं होतं, आणि मी ते आठवून बोललो नव्हतो.

गादी आली. छान आहे, भावाच्या मानानं फारच छान. बायको म्हणते, अंग मोकळं झालं. पाय होता तसाच आहे. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, बराच फरक आहे. त्याच दिवशी बाजारातून मागून पट्टा असलेली सँडल आणली आणि घरी सांगितलं, सध्या हीच फॅशन आहे.

पट्टा आवळताना तुमचे पीटीचे पांढरे बूट आठवले. गाव विचारायचं, "मास्तर, फौजेत जाऊन राहिले काय?" तुम्ही सलाम ठोकायचे. त्या बुटांनंतर तुमची चप्पल कधीच मागे राहिली नाही, आणि आम्हाला वाटलं, बाबा बरे झाले. तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना? आम्ही हसत होतो तेव्हा तुम्ही नाडी किती घट्ट बांधत होता!

आज माय ओसरीवर आली, सँडल हातात घेतली, पट्टा ताणून पाहिला. मग माझ्याकडे बोट केलं. "पाय."

"काय पाहू?"

"पाय म्हणतो ना. पाय दाखव," माय म्हणाली. टाचेवर डांबरानं उठलेला फोड फुटला होता. तिनं त्यावर बोट दाबलं. मी तिच्याकडेच बघत राहिलो, आणि दुखत नाही हे तिला तेवढ्यावरून कळलं. "तुह्या बाबाले मी म्हटलं होतं, नागपूरले चला. तं बूट घेऊन आले. तुनं सँडल आणली." सँडल तिनं तांदळाच्या कोठीवर, माझा हात पोचणार नाही अशी नाही, पण तिच्या देखत काढता येणार नाही अशी ठेवली. "उद्या पयल्या गाडीनं जाऊन राहिलो आपण. मी बी येतो."

तर उद्या जातोय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार! ते इथंच राहील. फोटोत काय निघेल याची मला भीती वाटते, बाबा. लेखात मी हे कधी लिहिलं नसतं. सँडल मागून घ्यायची हिंमत नाही, म्हणून चप्पलच घालून जाईन. निसटली तर निसटू दे. माय मांगून येणार आहे.