सासूबाईंचा डावखुरा

सोमवार, ४ मार्च

सकाळी सकाळी सासूबाईंचा फोन. "जावईबापू, बोट डावीकडे ओढतेय. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता ना? मग या."

लिफ्टला दोनच दिशा. वर आणि खाली. बिघडली तर माणसं आत अडकून शिव्या देतात, बुडत नाहीत! तोंडाने मात्र "येतो आई," म्हणालो. बायको म्हणाली, "जा. तेवढीच हवा लागेल तुला." चार दिवसांची रजा टाकली.

बोट म्हणजे बारा मीटरची खडूस म्हातारी. सासूबाई आठवड्यातून दोनदा तिच्यातून बेटावरच्या दवाखान्यात औषधं पोचवतात. जायला चार तास. किनारा सुटला की सुकाणू ऑटोपायलट सांभाळतो. सांभाळायचा. आता तो मधेच पीं-पीं करून मान टाकतो, नाहीतर गुपचूप डावीकडे सरकतो. रोज नाही — लहर लागेल तेव्हा. मी त्याचं नाव ठेवलं डावखुरा.

बोटीत पाऊल टाकलं आणि मळमळलं. बोट जेट्टीला बांधलेली होती!

मंगळवार, ५ मार्च

मान टाकण्याचं कारण सापडलं. बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज. सुकाणूला जोर लावायची वेळ आली की व्होल्टेज कोसळतं आणि डावखुरा बेशुद्ध. घासलं, आवळलं, मीटर लावून सासूबाईंना आकडा दाखवला. छाती पुढे काढून उभा राहिलो.

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि डावीकडचं?"

छाती जागेवर.

बुधवार, ६ मार्च

खाडीबाहेर चाचणी. डावखुरा दहा मिनिटं सरळ. सासूबाई म्हणाल्या, "चहा टाकते," आणि चाक सोडून खाली! समोर बोया. हा एवढा लाल, पाण्यावर तरंगणाऱ्या ढोलासारखा. आणि आम्ही थेट त्याच्यावर.

"आई!!"

त्या सावकाश वर आल्या, एका हाताने कठडा धरून. बटण दाबून ऑटोपायलट सोडवला, चाक फिरवलं, बोया हातभर अंतरावरून गेला. कपातला चहा सांडला नाही.

मी चिडलो. पहिल्यांदाच. म्हटलं, "याला डोळे नाहीत हो! दिशा दिली की जातो, मध्ये बोया असो की डोंगर. चालू असताना कुणीतरी समोर बघतच बसायचं, हात बटणाजवळ ठेवून. चहा नंतर."

"पंचवीस वर्षं चालवतेय मी, जावईबापू."

"मग पंचवीस वर्षं बोया नशीबवान!"

तोंडातून गेलं.  त्या हसल्या. वाचलो.

गुरुवार, ७ मार्च

ओकलो. तीनदा. बाकी काही घडलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

सापडलं!!

सुकाणूचा दांडा तपासला — ठीक. मोटरचा पट्टा — ठीक. मग डावखुऱ्याच्या पडद्यावरचा आकडा चाकासमोरच्या जुन्या होकायंत्राशी ताडून पाहिला. बारा अंशांचा फरक! म्हणजे बिचारा वाकडा जात नव्हता. त्याला सरळच वाकडं दिसत होतं.

त्याचं स्वतःचं होकायंत्र असतं झोपायच्या फळीखाली, कप्प्यात. कप्पा उघडला. होकायंत्राच्या डबीला खेटून कंबरदुखीवर बांधायचा एक पट्टा, गुंडाळून ठेवलेला. आत ओळीने बारा चुंबकं! मी पट्टा उचलला आणि पडद्यावरचा आकडा सर्रकन फिरला.

"हा कुणाचा?"

"शेजारणीचा. विसरली असेल."

शेजारीण या बोटीवर कधी आली, हे विचारलं नाही. पट्टा तिथून हलवला आणि होकायंत्राला पुन्हा दिशा शिकवल्या. त्यासाठी शांत पाण्यात अगदी हळू गोल फिरावं लागतं. आम्ही तीन गोल मारले. बंदर कचेरीने रेडिओवर विचारलं, "काही मदत हवी का?" सासूबाई म्हणाल्या, "जावयाला बोटीतून फिरवून आणतेय."

शनिवार, ९ मार्च

डावखुरा तीरासारखा सरळ. माझी सुट्टी संपली. पण सासूबाई म्हणाल्या, सोमवारची फेरी सोबत करा, खात्री होईल. मी हो म्हणालो. मूर्खासारखा.

सोमवार, ११ मार्च

 

दोन तास छान गेले. मग धुकं. सासूबाईंनी वेग कमी केला, भोंगा वाजवत राहिल्या. चाकाजवळच्या खुर्चीत बसून. मी पुढे उभा, डोळे फाडून. आणि समोर काहीतरी काळं — मासेमारीची होडी, नांगर टाकलेली, वर दोन माणसं! डावखुरा तीरासारखा सरळ. त्यांच्याकडेच!

"आई, वळवा!"

त्या उठायला गेल्या. अर्ध्यात अडकल्या. तोंडातून आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. आणि तशाच खाली कोसळल्या, हात बटणापर्यंत पोचलाच नाही.

मी धावलो. "लाल बटण!" त्या जमिनीवरून ओरडल्या. "आता उजवीकडे! पूर्ण! इंजिन मागे घ्या!" दाबलं, फिरवलं, ओढलं. होडी बाजूने गेली. त्या दोघांनी माझ्या आईपासून पणजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. रास्त होता.

पुढचे दोन तास मी चाकावर. सासूबाई जमिनीवर पडून छताकडे बघत दिशा सांगत होत्या. मधेच म्हणाल्या, "पट्टा माझाच आहे."

"कळलंय मला."

"दोन वर्षं झाली. उभं राहिलं की डावा पाय बधिर होतो. म्हणून डावखुऱ्याच्या भरवशावर सोडते आणि खाली जाऊन, पट्टा काढून पाठ टेकते. चहा नुसतं निमित्त." मग म्हणाल्या, "लेकीला सांगू नका. बोट बंद करायला लावेल. घरी बसून मी काय करू, भिंती मोजू?"

मी हो म्हणालो. त्या वेळी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी हो म्हणालो असतो.

औषधं पोचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना इंजेक्शन दिलं. परत येताना त्या दिशा लावून देऊन झोपल्या; डावखुऱ्याशेजारी मी, हात बटणाजवळ ठेवून. मी ओकलो नाही. लक्षातच राहिलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

सांगितलं बायकोला. सगळं. शब्द मोडला.

 ती चप्पल घालून थेट आईकडे गेली. दुपारी तिचा इस्पितळातून फोन, आवाज कोरडा: "मणका दबलाय. शनिवारी ऑपरेशन."

संध्याकाळी भेटायला गेलो. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "जावई," म्हणाल्या. 'बापू' नाही. नुसतं जावई.

बुधवार, १३ मार्च

त्या अजून बोलत नाहीत. उद्याच्या फेरीला चालक मिळत नाही. बंदरात सात जणांना विचारलं. त्या बेटावर इन्शुलिन संपत आलंय. मला कुणी दिशा सांगितल्याशिवाय चालवता येत नाही, परवाना नाही, आणि धाडसाची हौस सोमवारी फिटली.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी सहा. सामान चढवायला गेलो, तर चाकापाशी बायको! माझी बायको — शाळेत गणित शिकवणारी. पर्समधून परवाना काढून दाखवला. एकोणिसाव्या वर्षी काढलेला, दर मुदतीला नवा करून घेतलेला.

"अकरा वर्षं झाली लग्नाला! बोलली नाहीस कधी?"

"तू विचारलंस कधी? दोर सोड."

सोडला.