पाण्याला दिलेला नारळ

१९ जानेवारी २००४

पोहोचलो. सकाळी नाशकातून निघालेली एस.टी. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत दुपारी किनाऱ्याला लागली. झेंडूचा हंगाम आटपला तेव्हा ज्ञानेश म्हणाला, आबा, मळा मी बघतो, तुम्ही आईला एकदा समुद्र दाखवून आणा. लग्नात मी सुवर्णाला कबूल केलेली गोष्ट शेवटी मुलाने पुरी केली.

तानुबाई नावाच्या कोळीणबाईंच्या घरी उतरलो आहोत. पुढे अंगण, मागे सुरूची झाडं, वर पाहुण्यांची खोली. बाई साठीच्या, तोंडाने फटकळ. मळ्यातल्या झेंडूची टोपली पुढे केली तर म्हणाल्या, "फुलं काय तळून खायची, भाऊ? पुढच्या वेळी द्राक्षं आणा." आम्ही माळकरी म्हणून आमची चूल वेगळी मांडून दिली, आणि समुद्रावर येऊन बटाटा खाणारी माणसं पहिल्यांदाच बघते, असंही ऐकवलं.

संध्याकाळी ओहोटी होती. नांगरून ठेवलेल्या रानासारखी ओली वाळू पार लांबवर पसरलेली. तिच्यावरून माझी बायको परकरी पोरीसारखी धावली. देवाची कृपा.

२० जानेवारी

घोडागाडीतून चिकूच्या वाड्या पाहिल्या. झाडावरचा पहिला चिकू सुवर्णाने माझ्या नकळत पिशवीत टाकला, ज्ञानेशसाठी. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, तिथून तिने नाकाला पदर लावून मला जवळजवळ ओढतच नेलं.

परतताना भरतीच्या रेघेवर एक नारळ सापडला. चौकड्याच्या कापडात बांधलेला, हळदकुंकू लागलेला. आमच्याकडे रामकुंडातून असे नारळ वाहत येतात. ज्याच्या हाती लागेल त्याने प्रसाद म्हणून घ्यावा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मीही कपाळाला लावून घेतला. खोलीत विठ्ठलाच्या तसबिरीपुढे फोडला. नारळ धड होता, कुठे चीर नव्हती, पण आतलं पाणी खारट निघालं. मला खोबऱ्याने खोकला होतो, म्हणून सगळं सुवर्णानेच खाल्लं. मीठ लावल्यागत लागतं म्हणाली.

२१ जानेवारी

सकाळी तानुबाईंनी अंगणात करवंट्या आणि ते कापड पाहिलं. कापड छातीशी धरून खालीच बसल्या. मग हळूहळू सांगितलं. कापड त्यांच्या बुधाच्या सदऱ्याचं. मुलगा दिवाळीच्या सुमारास होडीवर गेला तो परत आला नाही. अशा माणसाच्या नावाने त्याच्याच कपड्यात नारळ बांधून खोल पाण्यात देतात. मग समुद्र त्या घराकडे पुन्हा वळून बघत नाही. तो नारळ कुणी खाल्ला, तर समुद्र त्याच्या जागी खाणाऱ्याला मागतो.

उपाय विचारला. सुवर्णाच्या अंगावरच्या साडीत नारळ बांधून पाण्याला द्यायचा. मात्र मग त्याला कुणाचा हात लागता कामा नये.

"नदीकाठची माणसं तुम्ही," तानुबाई म्हणाल्या. "तुमचं पाणी निघून जातं. आमचं परत येतं."

मी त्यांना दुखवलं म्हणून क्षमा मागितली. पण देवापुढे फोडलेल्या नारळाची भीती कशी बाळगायची? सुवर्णाला काही सांगितलं नाही.

२२ जानेवारी

दुपारी डोळा लागला. उठलो तर सुवर्णा नाही. ती कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरी उभी होती. हाका मारल्या, वळली नाही. धरून ओढून आणली. म्हणाली, चौकड्याच्या सदऱ्यातलं पोरगं बोलवत व्हतं, कुणाचं हाय वो ते?

आवरायलाही थांबलो नाही. मिळाली त्या गाडीत बसलो. समुद्रापासून लांब नेलं की संपेल.

२५ जानेवारी. मखमलाबाद

घरी आहोत. सुवर्णा स्वयंपाक करते, ज्ञानेशशी बोलते. मध्येच हात थांबतो, मावळतीकडे तोंड करते. आता भरती लागली, म्हणते. वेणी सोडली की वाळू पडते. पिशवीतला चिकू तसाच आहे, त्याला खार चढला आहे.

२७ जानेवारी

विहिरीचं पाणी खारट झालं. ज्ञानेश म्हणतो खतांचा दोष. कडेचा झेंडू करपला. मी काठावर बसून पाहिलं — पाणी चढतं, थांबतं, उतरतं. सुवर्णा ते तांब्यातांब्याने पिते. थंडगार हाय, म्हणते.

नामस्मरण करतो. मध्येच विसरतो.

२९ जानेवारी

तिच्या साडीत नारळ बांधला. समुद्रावर न्यायला हवा, पण तिला इथे सोडून कसा जाऊ? आणि बरोबर तरी कशी नेऊ? आपली गोदावरीही शेवटी समुद्रालाच मिळते. रामकुंडावर गेलो, मधोमध सोडला, हात जोडले. नारळ पुढे गेला. बरं वाटलं.

खाली पुलाशी एका माणसाने तो अडवला. कपाळाला लावला. अगदी माझ्यासारखा. मी ओरडत धावलो. गर्दी — पोहोचेपर्यंत पायरीवर फोडला होता. बायकोला पहिला तुकडा दिला. मला म्हणाला, "काका, प्रसाद हाय, तुम्ही पन घ्या ना."

मी हात मागे घेतला. काय सांगणार होतो? ती बाई तोंड वाकडं करून हसली. खारट लागतंय, म्हणाली.

आता ती पण —

तीच दुपार, घरी

ज्ञानेश बाजारात. विहीर भरून अंगणात पाणी आलंय. सुवर्णा उंबऱ्यात उभी आहे. पूजेला बसताना बांधतो तशी तिच्या पदराला माझ्या उपरण्याची गाठ मारली. उपरणं डाव्या मनगटाला. उजव्या हाताने लिहितो आहे. सोडणार नाही.

अंगणात कुणीतरी आहे. चौकड्याचा —

गाठ भिजली. ओढ लागली आहे. विठ्ठला, हिच्या जागी मला — मी तर दिला होता, मी फक्त —

सुवर्णे, थांब, मी येतो, जरा