राजाचं साल भरलं

उजनी धरणाचं काम, मजुरांची वस्ती
निकालाच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय मठ सर,

पास झालो!

एवढं एकच वाक्य तुमच्या कानावर घालायला काल शाळेतून धावत सुटलो आणि तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आठवलं, की तुम्ही आता घरी भेटणार नाही. तुम्ही गेलात हे मला माहीत होतं. तरी पाय तिकडंच वळले. म्हणून आज हे पत्र लिहायला बसलो आहे. ते तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, हे कळण्याइतका मी मॅट्रिक झालोय. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय पास झाल्यासारखं वाटतच नाही, त्याला काय करू?

आणि ऐका तरी! इतिहासात चांगला पास आहे. ज्या पेपरापायी आपण दोघांनी देव पाण्यात घातले होते, तो सुखरूप बाहेर आला. ज्याची कुणालाच काळजी नव्हती ते बीजगणित मात्र बुडता बुडता वाचलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तम्मा, शत्रू समोरून येतो म्हणून कोण सांगितलं तुला?"

तुम्ही वर्गावर पहिल्यांदा आलात तो दिवस मला आठवतो. काळी टोपी टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "माझं पूर्ण नाव तुमच्या जिभेला झेपायचं न्हाई. हिरेमठ म्हणा. तेबी जड वाटलं तर मठ म्हणा." आम्ही त्यातलं सगळ्यात हलकं उचललं. तेव्हापासून तुम्ही मठ सर आणि आम्ही सगळे तुमचे तम्मा. तुम्ही अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला, शाळेसाठी मी जिच्याकडं राहायचो त्या मावशीच्या चाळीतल्या एका शेजारणीनं सांगितलं. तोवर मी समजत होतो, सरांना माझं नाव आठवत नाही म्हणून असं हाक मारतात!

मग तो फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आला. वाचायला उभा मीच होतो. राजा झाला, राणी झाली, पावासाठी राजवाड्यावर चालून गेलेल्या बायका झाल्या. ते सगळं मला लगेच समजलं. दुष्काळात सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली पोरं आम्ही, आम्हाला भुकेचा दंगा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण पुढं तत्त्वज्ञ आले आणि पहिल्याच नावाला माझी गाडी रुतली. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जे तोंडातून निघालं त्याला वर्ग फिदीफिदी हसला. माझे कान लाल झाले.

तुम्ही खडू खाली ठेवलात. "हसू नका. नाव अडलं म्हणून माणूस अडायला नको. ह्याचा बाप जिनिव्हा गावात घड्याळं करायचा. तू घड्याळजींचा मुलगा म्हण आणि पुढं वाच की!"

त्या दिवसापासून आमच्या वर्गात युरोप सोलापुरात येऊन राहिला. कायदा करणारा, तो चालवणारा आणि निवाडा देणारा अशा तिघांच्या चुली वेगळ्या हव्यात असं सांगणारा तो 'तीन चुलीवाला'. "तिन्ही भाकरी एकाच तव्यावर टाकल्या तर एक तरी करपणारच," असं तुम्ही म्हणायचा. राजाची आणि धर्मगुरूंची टिंगल करणारा तो 'खवचट म्हातारा', आणि त्यानं मुद्दाम फ्रान्सच्या हद्दीवर घर घेतलेलं. "राजाचे शिपाई आले की म्हातारा पलीकडं! आमच्या अक्कलकोटच्या खालीबी तसंच हाय, एक पाय महाराष्ट्रात, एक कर्नाटकात." मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना खवचट म्हातारा म्हणून चिडवायची. इतिहासाच्या तासाला कुणी दांडी मारेना.

आणि मग तुम्ही ते सालगड्याचं सांगितलंत.

"पाडव्याला सालगडी ठरवतात का न्हाई? वर्षभर औत धरायचं, पाणी द्यायचं, गुरं बघायची. नीट राबला तर पुढच्या पाडव्याला परत तोच. न्हाई राबला तर दुसरा. घड्याळजींचा मुलगा सांगतो, राजा म्हणजे लोकांचा सालगडी. शेत लोकांचं! पण फ्रान्सचा राजा स्वतःलाच मालक समजून बसला. मग लोक म्हणाले, बाबा, तुझं साल भरलं."

वर्ग खदखदून हसला. मी हसलो नाही. माझे आबा मोहोळच्या बाजूला एका बागायतदाराकडं सालगडी होते. मला समजतं तसं ते त्याच बांधावर. ही गोष्ट मी वर्गात कुणाला कळू दिली नव्हती. कुणी विचारलं तर मावशीचा नवरा मिलमध्ये आहे, एवढंच पुढं करायचो. आधी मला राग आला. वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही माझी चेष्टा करताय. मग संध्याकाळी मिलचा भोंगा वाजेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. सर, तुम्ही आबांना खाली नव्हतं आणलं. तुम्ही राजाला आबांच्या ओळीत आणून बसवलं होतं! त्या दिवशी मला इतिहास आवडायला लागला.

त्याचाच घोळ परीक्षेत झाला. 'फ्रेंच राज्यक्रांतीतील तत्त्वज्ञांची कामगिरी स्पष्ट करा.' प्रश्न बघून मला उकळ्या फुटल्या. लिहायला लागलो आणि लक्षात आलं, की मला एकाचंही पुस्तकातलं नाव आठवत नाही. एकदाही तोंडानं म्हटलं असतं तर आठवलं असतं ना! शेवटी मनात म्हटलं, कामगिरी विचारली आहे, नाव कुठं विचारलंय? आणि लिहून काढलं. घड्याळजींचा मुलगा, तीन चुलीवाला, खवचट म्हातारा, सगळे. राजा हा लोकांचा सालगडी असतो, याच्याखाली तर रेघ मारली.

बाहेर लिंबाखाली तुम्ही उभे होता. मी हसत हसत सांगितलं. तुमचा चेहरा उतरला.

"अरे तम्मा, ती नावं आपल्यापुरती होती की! तपासणारा कुठल्या गावचा असेल? त्याला काय कळणार तुझा घड्याळजी?"

"माणसं तर बरोबर लिहिलीत, सर."

"माझ्या चेष्टेपायी तुझं वर्ष जाईल रे," असं तुम्ही इतक्या हळू म्हणालात, की मला पहिल्यांदाच भीती वाटली. कारण माझं नुसतं वर्ष जाणार नव्हतं. पाडवा तोंडावर आला होता. निकाल जूनमध्ये, आणि साल ठरतं पाडव्याला. मालकांनी आबांना सांगून ठेवलं होतं, पोरगं आता हाताशी आलंय, बापलेकाचं मिळून साल धरू. हे मी रडत रडत तिथंच तुम्हाला सांगितलं होतं. एकदा का मी औत धरलं असतं, की पास झालो असतो तरी पुस्तक पुन्हा हातात आलं नसतं.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर मालकांच्या ओसरीवर बोलणं चाललं होतं. मी खाली पायरीपाशी. बघतो तर फाट्यापासून उन्हात चालत तुम्ही येताय, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं!

"पोराचं साल धरू नका," तुम्ही पायरीवरूनच म्हणालात.

"तुमी कोण?" मालक.

"ह्याचा इतिहासाचा मास्तर."

"मग इतिहास बघा की मास्तर. हितलं आमी बघतो."

तुम्ही आबांकडं वळलात. आबांनी टॉवेल हातात घट्ट धरला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "गुरुजी, पोरगं पास हुईल का?"

सर, त्या वेळी तुम्ही माझ्याकडं बघितलंत. माझा पेपर तुम्हाला ठाऊक होता, मला ठाऊक होता. मला वाटलं, आता तुम्ही खरं सांगणार.

"होईल," तुम्ही म्हणालात.

आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "मग न्हाय, मालक. पोराचं न्हाय."

"मग तुजं बी न्हाय," मालक म्हणाले. "बघ, दुसरीकडं कुटं मिळतंय का."

एवढ्या वर्षांचं बिऱ्हाड आम्ही दोन दिवसांत उचललं आणि इथं धरणावर खडी फोडायला आलो. वाटेत मी आबांना राजाची आणि सालगड्याची गोष्ट सांगितली. आबांनी डोक्यावरचं बोचकं सारखं केलं. मग म्हणाले, "राजाला बदलाय येतंय, तर मालकाला बी येतंय की!" आणि हसले. आबा माझ्यादेखत असे कधी हसल्याचं मला आठवत नाही. पण मला हसू येईना. तुमच्या एका शब्दावर त्यांनी घर सोडलं होतं आणि तो शब्द खोटा ठरणार, हे आमच्यात मला एकट्याला माहीत होतं. मधे मालकांचा निरोपही आला, "निकाल लागला की या परत दोघं. जागा ठेवलीय." आबा घण उचलून कामाला लागले.

आणि अशा वेळी तुम्ही खुशाल निघून गेलात? निकालापर्यंत थांबता आलं नाही तुम्हाला? मला तुमचा फार राग आला होता, सर. तुम्ही गेल्याची बातमी इथं पोचली तीही उशिरा. त्या दिवशी मी खडीच्या ढिगामागं जाऊन रडलो. तुमच्यासाठी रडलो आणि थोडा माझ्यासाठीही. खोटं कशाला बोलू?

काल तुमच्या दाराशी पेढ्यांचा पुडा घेऊन उभा राहिलो तेव्हा काकूंनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "मोहोळचा. पाडव्याला सर ज्याच्या गावी आले होते तो. पास झालो."

काकू चौकटीला धरून खाली बसल्या.

"खरंच का रे?"

मी गुणपत्रिका दाखवली. त्यांनी इतिहासाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग सांगितलं. तुम्हाला ताप होता. मे महिना, रेल्वेचा संप चालू, हुबळीहून तुमचा मुलगा येऊ शकत नव्हता, घरात तुम्ही दोघंच. तुम्ही सारखं एकच विचारत होता, निकाल लागला का, निकाल लागला का.

"मला बघवेना रे. शेवटी मी म्हटलं, लागला हो. तुमचा मोहोळचा पोरगा पास झाला. मग शांत पडले. त्याच दिवशी गेले. तेव्हापासून घास गोड लागत न्हवता मला. जाणाऱ्या माणसाशी खोटं बोलले की मी!"

मी म्हटलं, "काकू, तुम्ही खोटं कुठं बोललात? थोडं आधी बोललात."

त्या रडता रडता हसल्या. पेढा तुमच्या फोटोपुढं ठेवला, तोच मोडून अर्धा मला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तुमचा शब्द, काकूंचा शब्द, आबांनी त्यावर सोडलेलं घर, सगळं एकदम खरं झालं होतं. आणि कुठल्या गावचा तो तपासणारा, देव त्याचं भलं करो, त्याला सालगडी कळला!

पण सर, एक विचारू? भर मे महिन्यात मॅट्रिकचा निकाल लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? सनावळ्या कोळून प्यालेले तुम्ही! मी काकूंना विचारलं, पास झाला म्हटल्यावर सर काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "हसले. म्हणाले, आता त्याला खरी नावं पाठ करायला सांग."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कळूनही तुम्ही काकूंचं खोटं ठेवून घेतलंत, आणि वर मला अभ्यास देऊन गेलात!

तर हा माझा शब्द घ्या. मी परत मावशीकडं राहून कॉलेजात जाणार आहे. इतिहासच घेणार आहे. त्या सगळ्यांची खरी नावं पाठ करीन, जोडाक्षरांसकट, जीभ वळेपर्यंत. पण पुढं कधी माझ्यासमोर कुणी नावाला अडून उभं राहिलं, तर त्याला आधी माणूस सांगीन आणि नाव मागून.

सुरुवात केली आहे. काल तुमच्या फोटोखाली लिहिलेलं वाचलं. ज्या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं त्याचं नाव मला येत नव्हतं, सर! आज सकाळपासून खडीवर बसून तेच मोठ्यानं घोकतोय. आबांनी घण थांबवून विचारलं, "ह्यो कोण रं? फ्रान्सचा का?"

मी म्हटलं, "नाही आबा. हे आपले सर." आणि पुन्हा म्हणून दाखवलं, वीरभद्रय्या गुरुपादय्या हिरेमठ. एकदाही अडलो नाही.

तुमचा,
तम्मा