दोन दुकानायच्या मधातली जागा

१४ ऑक्टो., मंगळ
लिवण्यात चुका असतीन, माफी. नववीतच शाळा सुटली. मोबाइलवर एका बोटानं टाइप करून राह्यली, एक ओळ होईस्तोर चा थंडा होते.
ग्राउंडात दादाचं फटाक्याचं दुकान लागलं. बाजूले रामलू अण्णाचं. फायरवाल्या साहेबानं टेप धरून मधात तीन मीटर सोडाले लावले, चुन्याची रेघ मारली. "खाली उंडालि," तेलगूत म्हने. म्हंजे तिथं काईच ठेवाचं नाई. दादानं मान हालवली. साहेब गेला.

१५, बुध
जागा खाली राह्यली घंटाभर. मंग दादानं रिकामे खोके टाकले, अण्णानं गाडी लावली. दोघायचं एकच म्हननं, दुकान कुठं सरकवलं? तीन मीटर तं हायेच!
दुपारून वहिनीनं तिथंच सोनूची झोळी बांधली. एक दोर आमच्या खांबाले, एक अण्णाच्या. हवा येते म्हने. लेकरू झोपलं बी मस्त.
मले बोलाचं होतं. समोर गिऱ्हाईक होतं. राह्यलं.

१६, गुरु
बोलली. दादाले म्हतलं, झोळी काढ तिथून.
"आग काय उड्या मारते का वो मुके?"
अण्णा बी हासला. मी कमी बोलते, तं सगळे मले मुकीच म्हन्तेत. मुकी बोलली म्हून हासले, काय बोलली ते कोनीच नाई ऐकलं.
मागच्या दिवाळीले आमच्या अंगनात पोट्ट्यायनं फुसक्या फटाक्यायची दारू जमा केली, भस्सकन पेटली. डोळा लवते तं खतम. प्लॅस्टिकची बादली चार पावलं दूर होती. आग शिवली बी नाई तिले. तरी एका बाजूनं वाकली, मेनासारखी. दादानंच पाह्यली होती! थे वंजळभर दारू. इथं दुकान भरून हाये.

१७, शुक्र
सकाळीच झोळी गेटाजोळच्या लिंबाले बांधली. वहिनीनं परत आनली.
"तिथं मुंगळे हायेत. तुले लेकरू झालं की बांधजो लिंबाले."
खोके मागं नेले. दादानं परत टाकले. लई राग आला. काढू कोनावर.

१८, शनि
घरून थे वाकडी बादली आनली. झोळीच्या बाजूले ठेवली. वहिनी सोनूले पाजाले आली. बादलीच्या वाकड्या बाजूवर हात फिरवला.
"अंगनातली?"
"हो."
"आग लागली होती हिले?"
"नाई. दूर होती."
झोळी सोडली तिनं. दादाकडं पाह्यलं बी नाई.

१९, रवि
सोनू लिंबाखाली. वहिनीनं खोडाभवती हळद टाकली मुंगळ्यायसाठी.
दुपारी नवा माल आला. दुकानात जागा नाई. दादानं भरलेले खोके मधात लावले, पार अण्णाच्या पत्र्याले टेकवून. मले म्हने,
"आता काऊन तोंड वाकडं? लेकरू तं हालवलं ना?"
म्या बादली खोक्यायवर ठेवली. त्यानं त्यात सुतळीचं बंडल टाकलं.
उद्या सगळ्यात जास्त गर्दी. साहेबाचा नंबर दुकानाच्या कागदावर हाये. लावला दोनदा. तिकडून हॅलो म्हतलं की माह्या तोंडून

लिवता लिवता घरून फोन आला मधातच. आमची म्हैस व्याली. रेडी झाली. साहेबाचं राह्यलं.